‘लुटेरा’च्या मध्यंतरात आमचा प्रेक्षक का उठला

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीच्या आपल्या महाविद्यालयात आपण विद्यार्थ्यांना ‘लुटेरा’ हा हिंदी चित्रपट दाखवला. मध्यंतरापर्यंत निम्मे सभागृह रिकामे झाले आणि जे थांबले त्यांच्यापैकी बहुतेकांनी ‘फार स्लो आहे, काही घडतच नाही’ असे सांगितले. त्यानंतर आपण २०१३ सालची परीक्षणे वाचली, तेव्हा बहुतेक समीक्षकांनी त्याच संथपणाची वाखाणणी केलेली दिसली. तेव्हा रुची प्रेक्षकाची कमी पडली, की समीक्षकच सामान्य माणसापासून दूर गेले, असे आपण विचारता.

मी १९८२ मध्ये बेळगावातील एका टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून लागलो. त्या वेळी प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जळत असत आणि दर वीस मिनिटांनी रीळ बदलावे लागे. पुढे व्यवस्थापक झालो, मग बेळगाव, संकेश्वर, निपाणी आणि खानापूर या भागातील काही थिएटरांचे बुकिंग बघू लागलो. मधल्या काळात पुण्याला चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रमही केला. त्यामुळे समीक्षक कुठल्या खुर्चीत बसून चित्रपट बघतो आणि स्टॉलमधले पब्लिक कुठल्या बाकावर बसते, हे दोन्ही मला जवळून ठाऊक आहे. माझे मत असे की उठून जाणारा प्रेक्षक खोटे बोलत नसतो. मात्र ‘स्लो’ या एकाच शब्दात तो वेगवेगळ्या तक्रारी कोंबत असतो आणि त्या सुट्या करून पाहिल्या, तर त्यांतल्या निम्म्या तक्रारींचा दिग्दर्शकाशी काहीही संबंध नसतो. ‘लुटेरा’ आमच्या भागात आधी नीट ऐकूच आला नाही आणि मगच मनातून उतरला, हे मी त्या आठवड्यात थिएटरच्या दारात उभा राहून पाहिले आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा सांगणे भाग आहे. विक्रमादित्य मोटवाने यांचा हा ‘उडान’नंतरचा दुसरा चित्रपट. काळ १९५३ चा, ठिकाण बंगालमधील माणिकपूर. जमीनदार रायचौधरींच्या हवेलीत वरुण नावाचा एक तरुण पुरातत्त्व खात्याचा अधिकारी म्हणून येतो आणि जमीनदारांची मुलगी पाखी त्याच्यात गुंतते. वरुण खरे तर मूर्ती आणि मौल्यवान वस्तू पळवणाऱ्या टोळीतला असतो. तो देवळातली मूर्ती घेऊन नाहीसा होतो, जमीनदार त्या धक्क्यातून उठत नाहीत आणि उत्तरार्धात क्षयाने खंगलेली पाखी डलहौसीच्या बर्फात, खिडकीबाहेरच्या झाडाची पाने गळताना मोजत बसलेली दिसते. शेवटचे पान गळेल तेव्हा आपणही जाऊ, असे तिने मनाशी धरलेले असते. हा भाग ओ. हेन्री यांच्या शेवटच्या पानाच्या कथेवरून घेतलेला आहे आणि ती कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या इंग्रजी वाचनात वाचलेली असते. म्हणजे शेवट काय होणार हे ठाऊक असणारे बरेच लोक थिएटरात होते आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, काही जण शेवटपर्यंत बसून राहिले. त्या मुद्द्याकडे मी पुढे येतोच.

आधी अपेक्षेचे बोलू. चित्रपट ५ जुलै २०१३ रोजी लागला. नाव ‘लुटेरा’, त्या नावावरून आमच्या पब्लिकने हाणामारीचा चित्रपट धरला. नायिका सोनाक्षी सिन्हा, म्हणजे ‘दबंग’ आणि आदल्याच वर्षी तुफान चाललेला ‘राउडी राठोड’ यांची नायिका. नायक रणवीर सिंग, म्हणजे ‘बँड बाजा बारात’मधला वटवट करणारा दिल्लीचा पोरगा. या दोघांना घेऊन दिग्दर्शकाने नेमके उलटे काम करवले: तिला जवळजवळ निःशब्द केले आणि त्याचा आवाज खाली आणला. समीक्षकांना ते धाडस वाटले आणि ते धाडस होतेच. परंतु ज्याने पोस्टर बघून तिकीट काढले त्याला पहिल्या वीस मिनिटांत आपण चुकीच्या दारातून आत आलो असे वाटले, तर त्यात त्याचा काय दोष? जेवायला बसलेल्या माणसाला तिखट रश्शाचा वास दाखवून पानात साखरभात वाढला, तर भात उत्तम असूनही तो पहिल्या घासाला थबकणारच. भरीला पुढच्याच शुक्रवारी, १२ जुलैला, ‘भाग मिल्खा भाग’ आला. पहिल्या तीन दिवसांत ज्याने आपली माणसे गोळा केली नाहीत, त्या चित्रपटाला आमच्यासारख्या एक पडद्याच्या थिएटरात दुसरा आठवडा मिळणे त्या वेळीही कठीणच होते. संथ चित्रपटाची कीर्ती तोंडातोंडी पसरायला दहा-बारा दिवस लागतात आणि त्याला सात दिवस मिळतात, हे गणित मुळातच त्याच्या विरोधात असते.

आता कानाची गोष्ट. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो.

या चित्रपटात पाखी आणि वरुण यांचे बरेचसे बोलणे हलक्या आवाजात आहे, काही ठिकाणी तर अक्षरशः कुजबुज आहे. मधूनमधून बंगाली शब्द येतात. दोन माणसे एकमेकांना बिचकत बोलत आहेत आणि त्यांच्यामध्ये जे शब्द पडत नाहीत तेही ऐकायचे आहेत, अशी ती रचना आहे. आता आमचे थिएटर डोळ्यांपुढे आणा. जुलैचा पहिला आठवडा, पावसाने धरलेला जोर, वरती सिमेंटचे पत्रे आणि त्यांच्याखाली लावलेले जुने छत ठिकठिकाणी सुटलेले. पत्र्यावर सर आली की स्टॉलमध्ये शेजारच्याशीही मोठ्याने बोलावे लागे. हाणामारीच्या चित्रपटाला त्याचा फरक पडत नाही. कुजबुजीला पडतो. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शोच्या वेळी मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, तेव्हा मधल्या रांगेतून एकाने ओरडून विचारले, ‘काय बोलालेत कळंना झालंय ओ, आवाज वाढवा की!’ त्याला कंटाळा आलेला नव्हता. त्याला ऐकायचे होते आणि ऐकू येत नव्हते. विसाव्या मिनिटाला ओरडणारा हाच माणूस चाळिसाव्या मिनिटाला गप्प होतो आणि साठाव्या मिनिटाला उठतो, आणि बाहेर पडताना कुणी विचारले तर ‘पिक्चर स्लो आहे’ म्हणतो, कारण ‘मला ऐकू आले नाही’ असे सांगण्यात थोडा कमीपणा वाटतो.

मी केबिनमध्ये जाऊन पाहिले. चित्रपटाचा आवाज ज्या पातळीला धरून बांधलेला असतो, ती पातळी मिळायला डॉल्बीच्या यंत्रावरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याची खुंटी, सातवर हवा. आमच्याकडे तो साडेचारवर होता. असे का? कारण जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, लोक आवाज कमी करा म्हणून तक्रार करतात, ऑपरेटर आवाज खाली आणतो आणि मग तो तेथेच राहतो. त्यातच पडद्यामागचा मधला स्पीकर थकलेला होता. पडद्यावरचे संवाद प्रामुख्याने त्या मधल्या स्पीकरमधून येतात, गाणी आणि पार्श्वसंगीत बाजूच्या स्पीकरांवरही पसरलेले असते. त्यामुळे अमित त्रिवेदी यांची गाणी छान ऐकू येत होती आणि माणसे मात्र तोंड हलवताना दिसत होती. ‘गाणी चांगली आहेत, बाकी काही नाही’ असा जो शेरा त्या आठवड्यात आमच्याकडे सर्रास ऐकू आला, त्याचे निम्मे कारण त्या स्पीकरमध्ये होते. रविवारी रात्रीच्या खेळाला मी मधला स्पीकर बदलून घेतला आणि फेडर साडेसहावर ठेवून दिला. पाऊसही नेमका थांबला होता. प्रेक्षक जेमतेम साठ-सत्तर असतील. परंतु त्या खेळाला मध्यंतरात बाहेर गेलेले जवळजवळ सगळे चहा घेऊन परत आले. चित्रपट तोच होता आणि गावही तेच.

याला आमच्या भागातील भाषेची आणखी एक बाजू आहे. येथे थिएटरात शेजारी शेजारी बसणाऱ्यांपैकी एकाच्या घरी मराठी असते, दुसऱ्याच्या घरी कन्नड, तिसऱ्याकडे कोकणी. हिंदी चित्रपट ही या सर्वांची सामाईक ओसरी आहे आणि मला तिचे फार मोल वाटते. परंतु हिंदी ही बहुतेकांच्या घरची भाषा नाही, आणि ज्यांच्या घरी दख्खनी बोलली जाते त्यांची बोलीही पडद्यावरच्या हिंदीहून बरीच निराळी आहे. परकी भाषा आपण ऐकतो तेव्हा तोंडाकडे बघून, स्वरावरून, मोठ्याने उच्चारलेल्या शब्दांवरून अर्थ जुळवत असतो. कुजबुजीत हे सगळे आधार निघून जातात. दिल्ली-लखनौच्या प्रेक्षकाला जे हळुवार वाटते, ते चिक्कोडीच्या प्रेक्षकाला अस्पष्ट वाटू शकते. मुंबईत बसून लिहिणाऱ्या समीक्षकाला हे सुचणे कठीण आहे, म्हणून आपण ते लिहायला हवे.

डोळ्यांचेही थोडेफार तसेच झाले. छायाचित्रकार महेंद्र शेट्टी यांनी हवेलीतील रात्री कंदिलाच्या उजेडात आणि डलहौसीचे दिवस हिवाळ्याच्या फिकट उजेडात ठेवलेले आहेत. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा ठरलेल्या तासांपेक्षा जास्त वापरला की पडद्यावर काळोखातले तपशील चिखलासारखे एक होतात. दिवा महाग असतो, म्हणून तो ताणला जातो. एवढेच सांगून पुढे जातो.

हे सर्व दुरुस्त केले तरी काही लोक उठणारच, आणि आपला खरा प्रश्न तेथून सुरू होतो. प्रथम लांबी आणि संथपणा यांतला फरक लक्षात घ्या. आशुतोष गोवारीकर यांचा ‘जोधा अकबर’ सुमारे साडेतीन तासांचा होता आणि आमच्याकडे बायकामुलांसह लोकांनी तो बसून पाहिला. ‘लुटेरा’ त्यापेक्षा तासाहून अधिक लहान आहे, तरी तो लांब वाटला. आजकालच्या लोकांना धीर राहिला नाही, असे स्पष्टीकरण मला पटत नाही. गोकाकपासून पुढच्या गावांत आजही श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्याचा खेळ रात्रभर चालतो, कथा सगळ्यांना पाठ असते आणि तरी माणसे पहाटेपर्यंत घोंगडी पांघरून बसतात. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या पिढीने संगीत नाटक उभे केले, तेव्हा एकेका पदाला ‘वन्स मोअर’ घेत घेत रात्र सरत असे आणि कुणी घड्याळ पाहत नसे. आमच्या मातीला संथपणाचे वावडे नाही.

मग प्रेक्षकाला नेमके काय खुपते? मला याचे उत्तर गाण्याच्या मैफलीत सापडले. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, त्यामुळे त्यांच्या ध्वनिमुद्रिका आमच्याकडे घरोघरी ऐकल्या जात. विलंबित ख्यालात काय होते? लय अतिशय सावकाश असते, एका आवर्तनाला मिनिटभर लागू शकते, तरी जाणता श्रोता कंटाळत नाही, कारण त्याच्या आत कुठेतरी मात्रा मोजली जात असते आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, केव्हा येणार याची त्याला ओढ लागलेली असते. सम आली की मान आपोआप हलते. ठेका बंद करून तीच आलापी तितकाच वेळ चालू ठेवा. ज्याला राग कळतो तो ऐकत राहील, बाकीचे चुळबुळू लागतील. संथ चित्रपटाचेही तसेच आहे. प्रेक्षकाच्या हाती मोजायला काहीतरी दिलेले असावे लागते. ते दिले की तो हवा तेवढा वेळ थांबतो. दिले नाही की ‘काही घडतच नाही’ म्हणतो, मग पडद्यावर दोन खून का होईनात.

या दृष्टीने ‘लुटेरा’चे दोन भाग फार निराळे आहेत. पूर्वार्धात घटना जास्त आहेत: अपघाताने झालेली भेट, देवळाजवळचे खोदकाम, चित्रकलेची शिकवणी, लग्नाची बोलणी, चोरी. परंतु प्रेक्षक काय मोजणार? वरुण खोटा आहे हे दिग्दर्शकाने बराच काळ दडवून ठेवले आहे, त्यामुळे ‘आता उघडे पडेल का’ ही धाकधूक प्रेक्षकाला मिळत नाही. त्याला केवळ दोघांचे हळूहळू जवळ येणे मिळते. ज्यांना त्यात गोडी वाटली त्यांच्यासाठी तेवढे पुरेसे होते. मलाही पुरेसे होते. इतरांना मात्र ठेका सापडला नाही. उत्तरार्धात घटना अगदी कमी आहेत, एक आजारी मुलगी, एक लपलेला गुन्हेगार आणि बर्फ. तरी रविवारच्या त्या खेळात लोक उत्तरार्धात अधिक स्थिर बसलेले मी पाहिले. कारण तेथे झाड आहे. झाडावर पाने आहेत. ती कमी होत चालली आहेत. प्रत्येक पान ही एक मात्रा आहे आणि शेवटचे पान ही सम. शेवटी वरुणने रंगवून झाडाला बांधलेले पान पडद्यावर दिसते, तेव्हा आमच्या स्टॉलमध्ये कुणी शिट्टी वाजवली नाही, खुर्चीही वाजली नाही. ज्यांना कथा आधीपासून ठाऊक होती ते तर अधिकच गप्प होते, कारण सम कुठे पडणार हे त्यांना माहीत होते आणि ती कशी पडते एवढेच बघायचे राहिले होते.

त्या खेळाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाल्कनीत शहापूरच्या एक वृद्ध बाई नातवाबरोबर आलेल्या होत्या. चित्रपट सुटल्यावर त्या पायऱ्यांवरच बसून राहिल्या. मी पाणी नेऊन दिले, तेव्हा म्हणाल्या की त्यांच्या थोरल्या नणंदेला क्षय झाला होता आणि तिला मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवले होते. घरचे लोक महिन्यातून एकदा भेटायला जात आणि ती खिडकीतून हात हलवत असे. ‘तिच्या खिडकीपुढं पण झाड होतं बघा,’ एवढेच त्या पुढे बोलल्या. हा चित्रपट त्यांना संथ वाटला का, हे विचारायचे माझ्या मनातही आले नाही. त्या काळात क्षयाचा रोगी असाच दिवस मोजत असे, आणि ज्यांनी ते घरात पाहिले होते त्यांना पडद्यावरची लय आपलीच वाटली.

जमीनदारांच्या प्रसंगांनाही आमच्याकडे अशीच, समीक्षकांनी न हेरलेली दाद मिळाली. पश्चिम बंगालमध्ये जमीनदारी सरकारजमा करणारा कायदा १९५३ चाच आहे आणि चित्रपटातील म्हाताऱ्या जमीनदारांच्या हातून सगळे निसटत जाते ते त्यामुळे. त्या वर्षी आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. येथे १९४८ चा कूळ कायदा लागू झालेला होता आणि लगोलग वतनेही गेली. निपाणी-संकेश्वर भागातल्या कितीतरी वाड्यांत आजही दिंडी दरवाजा शाबूत आहे आणि आतल्या माडीचे छत खाली आलेले आहे. कूळ म्हणून जमीन मिळालेल्यांची नातवंडे आणि वाड्यातली नातवंडे आमच्या थिएटरात एकाच रांगेत बसलेली होती. बरुण चंदा यांनी रंगवलेले जमीनदार सरकारी माणसांपुढे आपले सामान जाताना बघतात, तेव्हा दोन्हीकडची माणसे स्तब्ध होती. त्यांना वाटले ते अर्थातच एकच नसावे.

जाता जाता एक माहिती. हवेलीचे चित्रीकरण हुगळी जिल्ह्यातील इटाचुना राजबाडीत झाले. त्या वाड्याला स्थानिक लोक ‘बर्गी डांगा’ म्हणतात, आणि ते घराणे मूळचे बंगालवर चालून गेलेल्या मराठी बारगिरांपैकी असल्याचे तेथे सांगितले जाते. आपल्या विद्यार्थ्यांना चित्रपटाआधी एवढे जरी सांगितले असते, तरी त्या भिंतींकडे त्यांनी निराळ्या नजरेने पाहिले असते.

आता समीक्षकांकडे वळतो. ते प्रेक्षकांपासून तुटले आहेत, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. समीक्षक हा चित्रपट चांगल्या थिएटरात, चांगल्या आवाजात, सकाळच्या वेळी बघतो. त्याला रात्री साडेनऊची शेवटची बस गाठायची नसते. त्याने त्याच महिन्यात डझनभर गोंगाटाचे चित्रपट सोसलेले असतात, तेव्हा एखादा दिग्दर्शक कॅमेरा चेहऱ्यावर थांबवतो याचे त्याला अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. ‘लुटेरा’बद्दल त्यांनी जे लिहिले त्यातले पुष्कळसे खरे होते: सोनाक्षी सिन्हा यांनी असे काम आधी केले नव्हते, गाण्यांना कथेत खरे स्थान होते (‘संवार लूं’साठी मोनाली ठाकूर यांना फिल्मफेअर मिळाले ते उगीच नव्हे) आणि काळ उभा करताना सजावटीचा बडेजाव टाळलेला होता. माझी तक्रार एवढीच आहे की संथपणा हाच जणू गुण असल्यासारखे काहींनी लिहिले. संथपणा हा गुण नाही आणि दोषही नाही. त्या वेळात प्रेक्षकाला काय दिले, हे सांगणे हे परीक्षणाचे काम आहे, आणि ‘काव्यात्म’ हा शब्द लिहिला की ते काम झाले असे होत नाही. याच चित्रपटात डलहौसीतला पोलिसांच्या पाठलागाचा भाग मला सैल वाटतो. तेथे पळापळ आहे, गोळ्या आहेत, तरी पानांच्या मोजणीतून आपण बाहेर फेकले जातो आणि तेवढा वेळ चित्रपट खऱ्या अर्थाने रेंगाळतो. वेगवान प्रसंग रेंगाळू शकतो, हे फार थोड्यांनी लिहिले.

जुन्या काळाच्या प्रेमकथांवर पहिल्या आठवड्यात दिलेला निकाल बदलतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण ‘पाकीजा’. कमाल अमरोही यांचा हा चित्रपट पंधरा-सोळा वर्षे रखडून ४ फेब्रुवारी १९७२ रोजी लागला, तेव्हा त्याचे स्वागत थंडच झाले होते. ३१ मार्चला मीनाकुमारी गेल्या आणि लोकांची रीघ लागली. चित्रपटातली एक फ्रेमही बदलली नव्हती. बघणाऱ्याच्या मनात शोक आला होता, आणि शोकाला संथ लय सहज झेपते. उलट उदाहरण १९६२ च्या ‘साहिब बीबी और गुलाम’चे. छोटी बहू घोडागाडीत भूतनाथच्या मांडीवर डोके ठेवते, हे प्रेक्षकांना रुचले नाही, तेव्हा गुरुदत्त यांनी प्रदर्शनानंतर तो भाग आणि त्यावरचे गाणे काढून टाकले. तेथे तक्रार वेगाची नव्हतीच, मर्यादेची होती. जुन्या काळाच्या चित्रपटात प्रेक्षक कित्येकदा असाच काळाच्या रीतीवरून बिथरतो. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या, तेव्हा आमच्याकडची वडीलधारी माणसेही त्या गाण्याला अस्वस्थ झालेली मी पाहिली, आणि त्यांची अस्वस्थता मला रास्त वाटली.

‘लुटेरा’चेही दिवस पुढे पालटले. घरी बसून, कानाला हेडफोन लावून लोकांनी तो पाहिला आणि ती कुजबुज प्रथमच त्यांच्या कानात शिरली. आज जी मुले-मुली मला येऊन ‘हा चित्रपट तेव्हा का पडला?’ असे विचारतात, त्यांनी तो पत्र्याखाली पाहिलेला नाही. २०१८ मध्ये फारसा न चाललेला ‘लैला मजनू’ २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, कारण त्याची माणसे मधल्या वर्षांत गोळा झाली होती. ती माणसे पहिल्या आठवड्यात थिएटरपर्यंत पोहोचलीच नव्हती, एवढाच याचा अर्थ.

आपल्या विद्यार्थ्यांबद्दल बोलायचे तर, ते उठून गेले म्हणून त्यांना अरसिक ठरवू नका. आपण लिहिल्याप्रमाणे चित्रपट सभागृहात भिंतीवर दाखवला, आवाजाला समारंभाचे दोन डबे लावले, खिडक्यांना पडदे नव्हते आणि बाहेर पाऊस होता. त्या डब्यांतून भाषण पोहोचते, कुजबुज पोहोचत नाही. पुन्हा दाखवाल तेव्हा वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा, खिडक्यांना काळे कापड लावा, स्पीकर भिंतीच्या दोन टोकांना न ठेवता पडद्याच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीपेक्षा थोडे वर ठेवा आणि हिंदी उपशीर्षके मिळाली तर जरूर चालू करा. भाषा येत असली तरी वाचलेला शब्द ऐकलेल्या शब्दाला आधार देतो. सुरुवातीला पाच मिनिटे १९५३ साल, जमीनदारी आणि तो वाडा यांविषयी सांगा. शेवट सांगू नका, पण पानांची कथा कुणी वाचली आहे का, हे विचारून ठेवा. संपल्यावर ‘आवडला का?’ असे विचारण्याऐवजी ‘कुठे चुळबुळ झाली आणि कुठे थांबली?’ असे विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. वीस मुलांनी एकाच प्रसंगाचे नाव घेतले, तर त्यातून निघणारे परीक्षण छापण्याजोगे असेल.

आणि सभागृहातले पंखे बंद ठेवा. आपल्याकडे जुलैत अडीच तास पंख्यावाचून बसता येते, आणि छताच्या आठ पंख्यांची घरघर थांबली की पाखीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.